नंदादीप आणि पोहण्याचा हौद

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचकभगिनींचें पत्र आलें. त्यांच्या घरीं मुलांकरितां अंगणांत पोहण्याचा हौद बांधला आहे, आणि त्यांतील पाणी निर्मळ राहावें म्हणून चिरंजीवांनीं नुकतेंच आपोआप क्लोरीन सोडणारें एक यंत्र आणून बसविलें आहे. पत्राच्या शेवटीं त्या विचारतात : "आतां यंत्र आलें, तेव्हां पाण्याची काळजी करण्याचें कांहीं कारण उरलें नाहीं, असें समजावें काय ?" प्रश्न सरळ आहे व त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येण्याजोगें आहे. परंतु तो एक शब्द शिकण्यास आमच्या घरास दोन उन्हाळे लागले, तीन मुलांचे कान दुखले आणि चोवीस हजार लिटर पाणी उपसण्याची पाळी आली. म्हणून तो थोड्या विस्तारानेंच सांगावा हें बरें.

आमचें कुटुंब मोठें. वडीलधाऱ्या म्हणून आमच्या मातोश्री. त्यांच्या हाताखालीं आम्ही तिघे भाऊ, तिघी जावा, मुलें, सुना आणि सुटींत येणारीं नातवंडें मिळून पंचवीस-एक पानें सहज होतात. सासवडच्या बाजूस वडिलोपार्जित जागेवर पुतण्यानें घर बांधलें, तेव्हां मुलांच्या हट्टास्तव आठ मीटर लांब, चार मीटर रुंद व सरासरी दीड मीटर खोल असा एक हौद केला. म्हणजे त्यांत ४८ घनमीटर, अर्थात् ४८,००० लिटर पाणी मावतें. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील बहुतेक हिशेब त्यावरच बसविला आहे.

हौदाचें पाणी नदीच्या पाण्यासारखें वाहतें नसतें. आज दहा मुलें पोहून गेलीं, त्याच पाण्यांत उद्यां दहा मुलें उतरावयाचीं असतात. पंप व वाळूची गाळणी हीं पाणी फिरवून त्यांतील माती, पानें, केंस काढून टाकतात. पण जंतु आणि शेवाळ यांचा बंदोबस्त गाळणीच्या हातचा नव्हे. तें काम क्लोरीनचें. क्लोरीन पाण्यांत मिसळला म्हणजे त्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार होतें व तें जंतूंचा नाश करतें. हें काम होऊन जो क्लोरीन पाण्यांत शिल्लक राहतो, तो पुढें येणाऱ्या घाणीविरुद्ध पहारा करतो. म्हणून आपण क्लोरीन किती घातला यापेक्षां किती उरला, हाच प्रश्न खरा महत्त्वाचा. ही शिल्लक दर लिटरास १ मिलिग्रॅमच्या खालीं कधींही उतरूं नये. आमच्या हौदास एवढें प्रमाण म्हणजे अवघे ४८ ग्रॅम क्लोरीन. ऐकणारास वाटेल, एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठीं यंत्र कशाला ? परंतु उघड्या पाण्यांत दुपारच्या उन्हानें निम्मा क्लोरीन तासाभराच्या आंतच नाहींसा होतो. मुलांच्या अंगचा घाम, डोक्याचें तेल व वाऱ्यानें येणारी धूळ उरलेल्याचा फडशा पाडतात. म्हणून तो एकदां भरपूर ओतून भागत नाहीं. थोडा थोडा, पण सतत मिळावा लागतो. आपोआप क्लोरीन सोडणाऱ्या सर्व यंत्रांचें मूळ या एका गरजेंत आहे.

ही गरज आपल्या लोकांस अपरिचित आहे असें नाहीं. पावसाळ्याच्या तोंडाशीं ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरींत टीसीएल पावडर टाकावयास येतो, हें दृश्य आमच्या खेडेगांवच्या वाचकांनीं पुष्कळ वेळां पाहिलें असेल. परंतु टाकलेली पावडर एक-दोन दिवसांत खर्चून जाते. यावर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें दुहेरी मडक्याची एक सुंदर युक्ति काढली. एक किलो ब्लीचिंग पावडर व दोन किलो जाड वाळू किंचित् ओलसर करून लहान मडक्यांत भरावयाची, तें मडकें मोठ्या मडक्यांत ठेवावयाचें, दोहोंस एक-एक सेंटिमीटरचें भोंक ठेवावयाचें, आणि बाहेरच्या मडक्याचें तोंड बांधून सर्व दोरीनें विहिरींत पाण्याखालीं निदान एक मीटर सोडावयाचें. सुमारें ४,५०० लिटर पाण्याच्या घरगुती विहिरीस असें एक जोडमडकें दोन-तीन आठवडे पुरतें. त्यांत वीज नाहीं, चाक नाहीं, कळ नाहीं. तरी तें आपोआप क्लोरीन सोडणारें यंत्रच होय. मोठ्या शहराच्या पाण्यांत सतत क्लोरीन सोडण्याचा प्रयोग अमेरिकेंतील जर्सी सिटीसाठीं १९०८ सालीं झाला, तेव्हां त्यावर कज्जा होऊन प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें होतें. आज त्याच तत्त्वावर चालणारी डबी लोक आपल्या अंगणांतील हौदांत सोडतात.

पहिल्या वर्षीं आमच्या घरीं डबीही नव्हती. पातळ क्लोरीनचा डबा आणावयाचा व रोज सायंकाळीं मापानें ओतावयाचा, असा शिरस्ता ठरला. चार दिवस तो नीट चालला. पुढें पुतण्यास कचेरींतून परतावयास रात्र होऊं लागली; सूनबाईंस वाटे कीं मधल्या जाऊबाईंनीं ओतला असेल; मधल्या जाऊबाईंस वाटे कीं मुलांपैकीं कोणी ओतला असेल. श्रावणांत चार दिवस झड लागली आणि पांचव्या दिवशीं पाहावें तों हौदाचा रंग तुळशीच्या पानासारखा ! एकत्र कुटुंबांत जें काम सर्वांचें असतें तें पुष्कळदां कोणाचेंच नसतें, हा अनुभव आमच्या वाचकांस निराळा सांगावयास नको.

तेव्हां पुतण्यानें तरंगती डबी आणली. तींत ट्रायक्लोर नांवाच्या पदार्थाच्या पांढऱ्या वड्या घालावयाच्या; पाणी डबीच्या फटींतून आंत शिरतें, वड्या हळूहळू विरघळतात व क्लोरीन थोडा थोडा बाहेर पडतो. फटी लहान-मोठ्या करून त्याचा वेग कमी-जास्त करतां येतो. आठवड्यांतून एकदां डबी भरली कीं झालें. घरांत सर्वांस फार आनंद झाला. सूनबाईंच्या मागची रोजची कटकट गेली, पाणी कांचेसारखें दिसूं लागलें, आणि "आतां आपोआप होतें" हें वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्यास मोठ्या अभिमानानें सांगण्यांत येऊं लागलें. सांगणारांत आम्हीही होतों.

दुसऱ्या वर्षीं माघांत हौद पुन्हां सुरू केला. वैशाखांत नातवंडें जमलीं. पाणी किंचित् धुरकट वाटूं लागलें. पायरीच्या कोंपऱ्याला हात लावला तर बुळबुळीत लागे. हा बुळबुळीतपणा आमच्या हातास चार दिवस आधीं लागला होता, हें येथें कबूल केलें पाहिजे. "पुतण्याच्या ध्यानांत आलें असेलच, शिवाय डबी आहे," असें मनाशीं म्हणून आम्ही टॉवेल खांद्यावर टाकून घरांत गेलों. पांचव्या दिवशीं धाकट्या बंधूंच्या नातीचा कान ठणकूं लागला, सहाव्या दिवशीं आणखी दोघांचा. डॉक्टरांनीं तपासून कानाच्या नळीस जंतुसंसर्ग झाल्याचें सांगितलें आणि पहिला प्रश्न केला तो हौदाच्या पाण्याविषयीं.

पुतण्या गोंधळला. त्यानें दर रविवारीं पाणी तपासलें होतें व क्लोरीन दर लिटरास २ मिलिग्रॅम म्हणजे पुरेसा दिसत होता. मातोश्री ओसरीवर बसून सर्व ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, डबी भरलीस तें खरें, पण पाणी पाहिलेंस का?"

"आजी, पाहिलें ना ! क्लोरीन बरोबर आहे."

"मग शेवाळ कां धरलें ?"

या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां जें समजलें, तें डबी वापरणाऱ्या प्रत्येक घरानें जाणून घेण्यासारखें आहे. ट्रायक्लोरच्या वडींत क्लोरीन हा सायन्यूरिक आम्ल नांवाच्या पदार्थाशीं जोडलेला असतो. हें आम्ल क्लोरीनवर छत्रीसारखें काम करतें; त्याच्यामुळें क्लोरीन उन्हांत लवकर उडून जात नाहीं. थोड्या प्रमाणांत, म्हणजे दर लिटरास ३० ते ५० मिलिग्रॅमपर्यंत, तें उघड्या हौदास उपकारकच असतें. परंतु क्लोरीन रोज खर्च होतो आणि सायन्यूरिक आम्ल खर्च होत नाहीं. पाणी उन्हानें आटतें तेव्हां तें मागेंच राहतें, वर नवें पाणी घातलें तरी तें तेथेंच असतें. वड्यांतून दर लिटरास १० मिलिग्रॅम क्लोरीन पाण्यांत आला कीं त्याच्याबरोबर सुमारें ६ मिलिग्रॅम सायन्यूरिक आम्ल येतें. उन्हाळ्यांत रोज २ मिलिग्रॅम क्लोरीन खर्च होतो असें धरलें तर महिन्याचा झाला ६०, आणि त्याच्याबरोबर आम्ल साठलें ३६. तीन महिन्यांत तें शंभराच्या वर गेलें ! आमच्या हौदांत नेमकें हेंच घडलें होतें. छत्री इतकी मोठी झाली कीं तिच्याखालीं पहारेकरी झांकून गेला. तपासणींत क्लोरीन दिसत होता, पण जंतूंवर चालून जाण्याइतका तो मोकळा नव्हता. डबी आपलें काम चोख करीत होती. तिच्या कामाचा पाण्यावर काय परिणाम झाला हें पाहणारें कोणी नव्हतें.

सायन्यूरिक आम्ल कमी करण्याचा घरगुती उपाय एकच : पाणी काढून त्या जागीं नवें पाणी घालणें. निम्में पाणी बदललें तर प्रमाण निम्में होतें. निम्में म्हणजे चोवीस हजार लिटर. आतां वैशाख महिना, बोअरचें पाणी तळास गेलेलें, आणि रस्त्यापलीकडच्या वस्तीवर टँकरची वाट पाहात घागरींची रांग लागलेली. पुतण्या म्हणाला कीं आपणही दोन टँकर विकत घेऊं. मुलांची सुटी वायां जाऊं नये. मातोश्रींनीं त्याला जवळ बसवून घेतलें व शांतपणें म्हणाल्या, "त्या बायकांच्या घागरी भरल्यावर उरलेल्या पाण्यांत पोहायचें ठरवा. तोंवर हौद बंद."

मुलें फार हिरमुसलीं. बारा वर्षांचा आमचा नातू तर तोंड फुगवून म्हणाला, "पण आजोबा, ती डबी आपोआप होती ना ? मग आपोआप कसली ?" या प्रश्नास त्या दिवशीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

वड्या बंद केल्या. डासांची पैदास होऊं नये म्हणून तळच्या नळावरून पंप चालू ठेवला व जरुरीपुरता साधा पातळ क्लोरीन रात्रीं घातला. क्लोरीन एका मिलिग्रॅमच्या खालीं उतरला असेल त्या सकाळीं थोडथोडें पाणी काढून चिकू व आंब्याच्या झाडांस घातलें. पुढें पाऊस लागल्यावर छपराचें पाणी गाळून हौदांत वळविलें. दीडशें चौरस मीटर छपरावर १६० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे २४,००० लिटर पाणी होतें. श्रावण संपतां संपतां हौद भरला. नंतर उन्हाळ्यांत त्यावर रात्रीं झांकण घालण्याचीही शिस्त लागली, कारण एक सेंटिमीटर पाणी आटलें तर आमच्या हौदांतून ३२० लिटर पाणी उडून जातें.

त्या दिवाळींत पुतण्यानें मिठावर चालणारें यंत्र बसविलें. आमच्या वाचकभगिनींच्या घरींही याच जातीचें यंत्र आलें आहे असें त्यांच्या वर्णनावरून दिसतें. म्हणून त्याची रीति सांगतों. हौदाच्या पाण्यांत दर लिटरास सुमारें साडेतीन ग्रॅम मीठ विरघळवावयाचें. समुद्राच्या पाण्याच्या हें सुमारें एक-दशांश. आमच्या हौदास १६८ किलो मीठ लागलें. हें पाणी गाळणींतून परततांना एका नळकांड्यांतून जातें. त्यांत टायटॅनियमचे पत्रे असतात व त्यांवर रुथेनियमसारख्या धातूच्या ऑक्साइडचा लेप असतो. पत्र्यांतून वीज गेली कीं मिठाच्या पाण्यापासून तेथल्या तेथें क्लोरीन तयार होतो. काम झाल्यावर तो बहुतेक पुन्हां मिठाच्याच रूपांत येतो, म्हणून मीठ वारंवार घालावें लागत नाहीं. उसळून, वाहून किंवा गाळणी धुतांना जें जाईल तेवढेंच. सायन्यूरिक आम्ल यांत आपोआप वाढत नाहीं. तें एकदां बेतानें घालावें. एक दोष मात्र ध्यानांत ठेवावा. हें खारट पाणी झाडांस घालतां येत नाहीं, तें सांडपाण्याच्या वाटेनेंच गेलें पाहिजे. आमच्यासारख्या कमी पाण्याच्या मुलुखांत हा तोटा लहान नव्हे. ज्यांस तो पत्करत नसेल त्यांनीं पातळ क्लोरीन थेंबाथेंबानें सोडणारा लहान पंप लावावा.

या यंत्रावर एक हिरवा दिवा आहे. तो लागला कीं सर्व ठीक आहे असें समजण्याची संवय चटकन् लागते. परंतु या खेपेस मातोश्रींनीं एक नियम घातला होता. भिंतीवरील दिनदर्शिकेशेजारीं खिळ्याला एक वही टांगावयाची. रोज सायंकाळीं त्या बारा वर्षांच्या नातवानें पाणी तपासून आंकडे तींत लिहावयाचे आणि घरांतील एका मोठ्या माणसानें खालीं सही करावयाची. औषधांस हात लावावयाचा नाहीं; फक्त पाहावयाचें व लिहावयाचें. नातू सुटी संपल्यावर पुण्यास गेला तेव्हां ती वही त्याच्या काकूकडे आली.

पुढील वैशाखांत नातू परत आला व वही पुन्हां त्याच्या हातीं गेली. एके दिवशीं तो ती घेऊन आमच्याकडे आला. सोमवारीं क्लोरीन ३, बुधवारीं अडीच, शुक्रवारीं २, रविवारीं दीड ! "दिवा तर हिरवाच आहे, आजोबा," तो म्हणाला, "पण आंकडा उतरतोय." नळकांडें उघडून पाहिलें तों पत्र्यांवर चुन्याचा पांढरा थर बसलेला. आमच्या बोअरचें पाणी जड. त्यांतील चुना पत्र्यांवर धरला होता व क्लोरीन कमी तयार होत होता. वीज आंत जात आहे एवढेंच दिवा सांगत होता. क्लोरीन बाहेर येत आहे कीं नाहीं हें त्यास ठाऊक नव्हतें. पुतण्यानें यंत्र बंद करून, हातमोजे व चष्मा घालून, सौम्य केलेल्या आम्लानें पत्रे धुतले. दोन दिवसांत आंकडा पूर्ववत् झाला. त्या उन्हाळ्यांत एकाही मुलाचा कान दुखला नाहीं.

आतां वहींत काय लिहावयाचें तें सांगतों. पहिला आंकडा शिल्लक क्लोरीनचा : सायन्यूरिक आम्ल असलेल्या हौदांत तो दर लिटरास निदान २ मिलिग्रॅम असावा. दुसरा आंकडा पाण्याच्या आम्लतेचा, म्हणजे पीएचचा : तो ७·२ ते ७·८ यांच्या दरम्यान राहावा. हा आंकडा पुष्कळ घरीं दुर्लक्षिला जातो, आणि येथेंच चूक होते. साध्या पाण्यांत पीएच साडेसात असतां निम्मा क्लोरीन जोरदार रूपांत असतो. तोच पीएच ८ झाला तर जेमतेम चौथा हिस्सा. मिठाच्या यंत्रानें पीएच हळूहळू वर चढतो आणि तो चढला कीं पत्र्यांवर चुनाही लवकर बसतो, म्हणून तेथें विशेष जपावें. तिसरा आंकडा सायन्यूरिक आम्लाचा. मिठाच्या यंत्रास तो महिन्यांतून एकदां पुरे, वड्यांच्या डबीस मात्र पंधरवड्यानें पाहावा. चौथी नोंद डोळ्यांची : हौदाचा तळ स्वच्छ दिसतो काय, आणि पायरी हातास कशी लागते. ही चौथी नोंद आमच्या आग्रहावरून घातली आहे. कारण उघड आहे.

वासाविषयींही एक गैरसमज दूर केला पाहिजे. हौदास उग्र वास आला व मुलांचे डोळे लाल झाले कीं "क्लोरीन फार झाला" असें आपण म्हणतों. बहुधा तो क्लोरीन नसतो. घाम व लघवी यांच्याशीं क्लोरीनचा संयोग होऊन जे पदार्थ बनतात त्यांचा तो वास असतो. म्हणजे कित्येकदां तो क्लोरीन कमी पडल्याचीच खूण असते. यावर यंत्राहून स्वस्त उपाय म्हणजे हौदांत उतरण्यापूर्वीं अंग धुणें व मुलांस आधीं लघवीस पाठविणें. आधीं स्नान, मग पोहणें, हें ऐकून आमच्या मधल्या वहिनींस प्रथम हसूं आलें. आतां त्याच दाराशीं उभ्या राहून प्रत्येकास नळाखालीं पाठवितात. तसेंच ज्या मुलास जुलाब होत असतील त्यास हौदांत मुळींच सोडूं नये. क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा एक सूक्ष्म जीव नीट क्लोरीन असलेल्या पाण्यांतही सात दिवसांहून अधिक जगतो. तेथें कोणतेंही यंत्र उपयोगीं पडत नाहीं. आईबापांचा विवेकच उपयोगीं पडतो.

औषधांच्या फडताळाकडेही लक्ष असावें. वड्यांच्या डबींत दुसऱ्या जातीचें क्लोरीन कधींही घालूं नये. ट्रायक्लोर व कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आलीं तर आग लागते, स्फोटही होतो. क्लोरीनची औषधें आणि आम्ल शेजारीं ठेवूं नयेत. दोन्ही मिसळलीं कीं विषारी क्लोरीन वायु सुटतो. पहिल्या महायुद्धांत २२ एप्रिल १९१५ रोजीं ईप्र येथें शत्रूवर सोडला तो हाच वायु. बंद डबीचें झांकण उघडतांना तोंड दूर ठेवावें व मोकळ्या हवेंत उघडावें. सर्व औषधें मुलांच्या हातास न लागतील अशा कुलपांत असावींत.

शेवटीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. यंत्र पाणी निर्मळ ठेवील, पण पाण्यांत उतरलेल्या मुलावर नजर ठेवणार नाहीं. बुडणारें मूल बहुधा ओरडत नाहीं, हातपायही फारसे आपटत नाहीं. तें निःशब्द खालीं जातें. काठावर पंचवीस माणसें गप्पा मारीत असतां प्रत्येकास वाटतें कीं दुसरा पाहात आहे. क्लोरीन ओतण्याच्या बाबतींत आमची जी फसगत झाली, तीच येथें झाली तर ती पुढच्या पावसाळ्यानें भरून निघणारी नसते. म्हणून हौदास चारी बाजूंनीं कुंपण, आपोआप मिटणारें फाटक, आणि मुलें पाण्यांत असेपर्यंत नांव घेऊन नेमलेलें एक मोठें माणूस, हा आमच्या घरचा नियम आहे. त्या माणसानें त्या वेळीं फोन हातांत घ्यावयाचा नाहीं व चहासही उठावयाचें नाहीं. चहा त्यास काठावर मिळतो.

आमच्या देवघरांत वडिलांच्या वेळेपासून नंदादीप आहे. तो अखंड तेवतो असें आपण म्हणतों. परंतु लहानपणीं रात्रीं केव्हांही जाग आली तर मातोश्री उठून देवघरांत डोकावून येत असलेल्या दिसत. तेल पाहात, वात पुढें सारीत आणि परत येऊन निजत. दिवा अखंड होता, कारण त्या उठत होत्या. नातवानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस बऱ्याच दिवसांनीं येथें सांपडलें व तें आम्ही त्यास सांगितलेंही.

तेव्हां आमच्या वाचकभगिनींस उत्तर असें कीं, नाहीं, काळजीचें कारण उरलें नाहीं असें समजूं नये. यंत्र अवश्य ठेवावें. रोज मापानें ओतण्याचे कष्ट त्यानें खरोखरच वांचतात, आणि विसरभोळ्या माणसापेक्षां तें पुष्कळ बरें. पण त्यानें वांचविलेल्या वेळांतून रोजचीं पांच मिनिटें पाणी पाहण्याकरितां बाजूस काढावींत, आणि तीं कोणाचीं हें नांव घेऊन ठरवावें. आमच्या घरीं दिवेलागणीनंतर मुलें पाया पडावयास आलीं कीं मातोश्री आशीर्वाद देतात व लगेच विचारतात, "आज पाणी कोणीं पाहिलें ?" ज्यानें पाहिलें असेल तो वही पुढें करतो.